एका पायाची सांडशी

सरूबाईने सुनेवर पाच वर्षांत एकदाही हात उचलला नाही. हे तिने स्वतःच डिंगोरे गावात इतक्या जणांना सांगितलं होतं की लोकांना ते खरंच कौतुकाचं वाटू लागलं होतं. हात उचलायची तिला गरजच नव्हती. इंद्रायणी जेवायला बसली की सरूबाई भाकरीची टोपली आपल्या गुडघ्याशी ओढून घ्यायची. भाकरी हवी असेल तर सुनेने मागायची. मागितली की सरूबाई आधी तिच्या तोंडाकडे बघायची, मग टोपलीत बघायची, मग द्यायची. सासरा हौशीराम समोर बसून रोज हे बघायचा आणि कालवणात बोट फिरवत राहायचा. नवरा सूरज मोबाइलमध्ये बघायचा. घर अगदी शांत होतं.

सुनेचा गुन्हा तिच्या छातीत होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी डोक्यावर कोथिंबिरीचा भारा घेऊन बांधावरून येताना ती मटकन खाली बसली आणि तिला श्वास घेता येईना. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात कळलं की लहानपणीच्या कुठल्याशा तापाने हृदयाची एक झडप खराब करून ठेवली आहे. माहेरी, निमगाव सावाला, तिच्या आईबापांना हे ठाऊक नव्हतं. पोरीला ताप आला होता, उतरला होता, पोर शाळेत गेली होती, एवढंच त्यांना माहीत. सरूबाईचं मत वेगळं होतं. ती म्हणायची की खराब माल खाली घालून वर चार चांगल्या जुड्या लावायची रीत आम्हाला शिकवू नका, आम्ही बाजारातच म्हातारे झालो.

सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं आणि इंद्रायणीच्या हृदयात धातूची झडप बसली. टीव्ही बंद केला की तिच्याजवळ बसणाऱ्याला बारीक टिकटिक ऐकू यायची. धातूवर रक्त गोठतं, आणि तिथे गुठळी झाली तर माणूस उभ्या उभ्या जातो, म्हणून रोज रक्त पातळ ठेवायची एक गोळी, जन्मभर. महिन्याला एकदा रक्त तपासायचं आणि आकडा बघून गोळी कमी-जास्त करायची. आणि पालेभाजी बेताने, दर आठवड्याला सारखीच. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी हे सरूबाईच्या समोर सांगितलं होतं. घरात त्याचा अर्थ ‘पालेभाजी बंद’ असा झाला, आणि तो सोयीचाही होता.

कारण भाजी पिकवणाऱ्या घरात भाजी खायचा एक कायदा असतो. तो कुणी लिहीत नाही आणि कुणी मोडतही नाही. मेथीचा भाव पडला की घरात मेथी, सकाळ-संध्याकाळ मेथी, उरली तर गुरांना मेथी. भाव चढला की घरच्या माणसाला पानही दिसत नाही. सरूबाई हा कायदा तिच्या सासूकडून शिकली होती. पाहुणा आला तरी चढ्या भावाची जुडी तिने कधी कढईत टाकली नाही.

पाच वर्षं सरूबाईने नातवाची वाट पाहिली, आणि वाट पाहते आहे हे रोज सुनेला कळेल अशी व्यवस्था ठेवली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की मूल होऊ शकतं, पण विचारून, ठरवून. शेवटी विचारून, ठरवून, दिवाळीच्या सुमारास इंद्रायणीला दिवस गेले. गोळी बंद झाली. पहिले तीन महिने पोटात सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. सूरज यूट्यूबवर बघून ते द्यायला शिकला. सरूबाई भीमाशंकरला जाऊन नवस बोलून आली. नवसात तिने नातू मागितला. सुनेचं नाव त्यात नव्हतं, आणि घरी येऊन तिने तसं सांगितलंही. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

संक्रांतीला तेजस्विनी आली. सरूबाईची धाकटी मुलगी, पुण्यात पीएचडी करणारी. कशात करते ते घरात कुणाला सांगता यायचं नाही. हौशीराम पारावर ‘रगताचं शिकती’ एवढं म्हणायचा आणि विषय बदलायचा. चार वर्षांत आईने तिला अभ्यासाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. त्या दिवशी गॅसवर चहा ठेवला असताना सरूबाईने विचारलं की त्या गोळीने पोटातल्या पोराला काय होतं, ते नीट सांग, आणि मला कळेल असं सांग.

तेजस्विनीला काय आनंद झाला म्हणून सांगू. ओट्यावरची सांडशी उचलून ती सांगायलाच बसली. रक्त गोठवणारी प्रथिनं लिव्हर बनवतं. प्रथिन म्हणजे एक लांब साखळी, घड्या घालून बसलेली, आणि तिच्यातल्या एकेका भागाचा आकार वेगळा, काम वेगळं. अशा भागाला डोमेन म्हणतात. या प्रथिनांच्या अगदी टोकाला जो भाग असतो तो ग्ला डोमेन. तेजस्विनीची चार वर्षं त्या एवढ्याशा टोकात गेली होती. कुठे कापलं, फुटलं की हे टोक जखमेवर गोळा झालेल्या पेशींना जाऊन चिकटतं, म्हणून गुठळी जिथे हवी तिथेच होते. पण चिकटण्याआधी त्याला कॅल्शियम धरावं लागतं. आणि धरायला, आई, दोन पाय लागतात, या सांडशीसारखे.

लिव्हर ते टोक घडवतं तेव्हा त्यावरच्या सगळ्या सांडश्या एका पायाच्या असतात. दुसरा पाय के व्हिटॅमिन बसवून देतं. पाय बसवला की ते व्हिटॅमिन थकतं, आणि शरीर त्याला ताजं करून पुन्हा कामाला लावतं. गोळी नेमकं ते ताजं करणंच बंद पाडते. मग प्रथिनं तयार होतात, रक्तात हिंडतात, पण असतात एका पायाची. कॅल्शियम धरता येत नाही, जखमेला चिकटता येत नाही. रक्त पातळ राहतं ते असं.

सरूबाईने सांडशी हातात घेतली. तिचा एकच पाय चहाच्या पातेल्याच्या काठाखाली घालून बघितला. पातेलं सरकलं, उचललं गेलं नाही.

“आन् पोराचं?” तिने विचारलं.

तेजस्विनीने तेही सांगितलं. हाडं आणि कुर्च्या घडवणाऱ्या काही प्रथिनांनाही अशाच सांडश्या असतात. सुरुवातीच्या महिन्यांत गोळी चालू राहिली तर बाळाचं नाक बसतं, हाडं बिघडतात. म्हणून इंजेक्शन. ते सांडशीला हात लावत नाही आणि बाळापर्यंत जातही नाही. पण इंजेक्शनच्या भरवशावर धातूची झडप फार दिवस ठेवणं धोक्याचं, म्हणून आता पुन्हा गोळी. हाडांची वेळ गेली, आता चालतं. बाळाचंही रक्त जरा पातळ राहतं, म्हणून शेवटचे काही आठवडे परत इंजेक्शन देतील.

“म्हंजी पोराच्या अंगातबी एका पायाच्या सांडश्या.”

“हो.”

“आन् त्ये व्हिटॅमिन भायेरून ताजं मिळालं तर?”

तेजस्विनी हसली. तिच्या गाइडनेसुद्धा तिला इतका सरळ प्रश्न कधी विचारला नव्हता. ती म्हणाली की मग गोळी हरते. ताजं व्हिटॅमिन येत राहिलं की पाय बसत राहतात. म्हणून तर वहिनीला पालेभाजी बेताने. मेथी, पालक, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, जेवढं हिरवं तेवढं त्यात जास्त. तिला अजून एक गोष्ट सांगायची होती, पण चहा उतू गेला, सरूबाई उठली, आणि ती गोष्ट तिथेच राहिली. पुण्याला परतताना तेजस्विनीने मैत्रिणीला फोन करून सांगितलं की माझ्या आईला माझं काम समजलं.

खरंच समजलं होतं. सरूबाई बिनडोक असती तर पुढचं काही घडलं नसतं.

पुढच्या आठवड्यात गोळी सुरू झाली आणि सरूबाईने मनाशी हिशेब मांडला. गोळी चालू राहिली तर पोराच्या अंगात रक्त पातळ. गोळी हरली तर पोर धडधाकट, आणि सुनेच्या झडपेवर गुठळी व्हायचा धोका. झाली तर झाली. बाळंतपणापर्यंत निभावली म्हणजे पुरे, पुढचं तिच्या नशिबावर. हा विचार करताना तिला वाईट वाटलं का? नाही वाटलं. भीती वाटली, ती एवढीच की सून आधी जाईल आणि पोर पोटातच राहील. म्हणून तिने फार घाई करायची नाही असंही ठरवलं.

गोळ्यांचं पाकीट इंद्रायणी कमरेच्या पिशवीत ठेवायची आणि रोज जेवण झाल्यावर सूरजच्या समोर गोळी गिळायची. तिथे हात पोचत नव्हता. पण ताट सरूबाईच्या हातात होतं. त्यातच माघात मेथीचा भाव कोसळला. लोक उभ्या मेथीत रोटाव्हेटर फिरवत होते. घरात कायद्याप्रमाणे मेथी सुरू झाली, आणि पहिल्यांदाच ती सुनेच्या ताटातही आली.

त्या संध्याकाळी सरूबाईने आपल्या हाताने तिच्या ताटात मेथीचं गरगटं वाढलं, वर तेलाची धार सोडली आणि भाकरीची टोपली तिच्याकडे सरकवली. दोन जिवांची आहेस, पोटभर खा म्हणाली. इंद्रायणी ताटाकडे बघत राहिली, मग सासूकडे बघत राहिली. बराच वेळ बघितलं तिने. हौशीरामचं बोट कालवणात थांबलं. मग इंद्रायणीने घास घेतला, दुसरा घेतला, आणि ताट पुसून खाल्लं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सरूबाईला वाटलं मिरची लागली.

मग रोजच सुरू झालं. मेथीची भाजी, मेथीचं पिठलं, कोथिंबिरीच्या वड्या, शेवग्याच्या पाल्याची भाजी, पालकाचं पातळ कालवण. सरूबाई स्वतः निवडायची, स्वतः करायची, समोर बसून खाऊ घालायची. शेजारच्या कोंडाबाईने हे बघितलं आणि वाडीभर सांगितलं की सासू असावी तर अशी. ज्या बायका पाच वर्षं टोपलीबद्दल कुजबुजत होत्या त्याच आता आपापल्या सुनांना सरूबाईचा दाखला देऊ लागल्या. सरूबाईने कुणालाही नाकारलं नाही आणि कुणासमोर मिरवलंही नाही. ती काम करत होती.

रक्ताचा आकडा खाली आला, म्हणजे रक्त पुन्हा घट्ट होऊ लागलं होतं. डॉक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालून रिपोर्ट बघत बसल्या. गोळी चुकवतेस का विचारलं. सूरज म्हणाला की माझ्या डोळ्यांदेखत घेती. मग त्यांनी इंद्रायणीला विचारलं की खाण्यात काही बदल झाला का, पालेभाजी वाढली का. सरूबाई शेजारच्याच खुर्चीत बसली होती. तिला विचारलं असतं तर तिने सांगूनही टाकलं असतं, पण विचारलं सुनेला.

“न्हाई,” इंद्रायणी म्हणाली. “न्येमीचंच.”

सरूबाईला नवल वाटलं. मग वाटलं, भित्री आहे, आपल्यासमोर काय बोलणार. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. घरी येऊन सरूबाईने पाला वाढवला. पुढच्या खेपेला आकडा पुन्हा खालीच, तेव्हा गोळी आणखी वाढली, आणि मग पालाही. इंद्रायणीच्या एका शरीरात दोन बाया अशी खेचाखेच करत होत्या, आणि त्यातल्या एकीला दुसरी तिथे आहे हे माहीतच नव्हतं.

सातव्यात डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, हिरवा चुडा, मांडवाला आंब्याचे टाळे. सरूबाईने हात आखडता घेतला नाही. ताटात अळूवड्या, मेथीच्या पुऱ्या, कोथिंबिरीची वडी. इंद्रायणीची आई मंगल निमगाव सावाहून आली होती. पाच वर्षं तिने या घरात खाली मान घालून पाऊल टाकलं होतं. लेकीच्या तोंडात सासू घास भरवते आहे हे बघून तिचा बांधच फुटला. ती सरूबाईच्या पायावर डोकं ठेवून रडली आणि म्हणाली की माझ्या हातून एवढं झालं नसतं. सरूबाईने तिला उठवलं आणि तिच्या ताटात पुरी वाढली.

मग वैशाखात कालव्याचं पाणी लांबलं. इकडून तिकडे सगळ्यांची मेथी जागेवर पिवळी पडून करपली. सरूबाईच्या विहिरीला पाणी टिकलं होतं आणि तिचा मेथीचा तुकडा हिरवागार उभा होता. भाव रोज चढत होता. व्यापारी बांधावर येऊन उभे राहू लागले. घरातलं प्रत्येक माणूस उजाडायच्या आधी शेतात वाकलेलं. उपटायची, जुड्या बांधायच्या, पाणी मारायचं, पिकअपमध्ये भरायची, आणि सूरजने बाजार गाठायचा. एवढा भाव सरूबाईने आयुष्यात पाहिला नव्हता. तिच्या अंगात विशीतलं बळ आलं.

पहिल्या दिवशी तिने सवयीने घरासाठी जुड्या बाजूला काढल्या. त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग त्या परत ढिगात टाकल्या. तिने मनाशी म्हटलं, पोर आता भरत आलंय, चार दिवस पाला नसला पोटात तर काय बिघडत नाही. चार दिवसांचे पंधरा झाले. इंद्रायणीच्या ताटात बटाटा आला, मग डाळ, मग नुसतं पिठलं. गोळी मात्र तेवढीच राहिली, दोनदा वाढवलेली. सरूबाई सगळं समजली होती, पण हे वजाबाकीचं गणित तिच्या मनात आलं नाही. जे थोपवायला गोळी वाढवली होती तेच ताटातून गेलं, तर ती वाढीव गोळी आता कुणावर जाणार?

रक्त तपासायची तारीख येऊन गेली. सूरज म्हणाला, एवढा भाव उतरू दे, मग निवांत जाऊ.

त्या दिवसांत इंद्रायणी मात्र खुशीत होती. सरूबाईने ते बघितलं आणि तिला ते चमत्कारिक वाटलं. सून नुसती डाळ भुरकत होती आणि तोंडावर हसू. भाकरी न घाबरता मागत होती. एकदा तर तिने सरूबाईच्या डोक्याला तेल लावून दिलं, न सांगता. पोटावर हात फिरवत ती काहीतरी गुणगुणायची.

मग चुड्याखाली मनगटावर निळे डाग दिसू लागले. सरूबाई म्हणाली बांगड्या रुतल्या असतील. भाकरी चावताना हिरड्यांतून रक्त आलं. सूरज म्हणाला, उद्या जाऊ. उद्या तीन व्यापारी आले. त्यानंतरच्या दिवशी सकाळी इंद्रायणी बांधापर्यंत चालत आली आणि सासूला म्हणाली की बाळ कालपासून हललं नाही. सरूबाईने मेथीच्या मातीचे हात पातळाला पुसले आणि तिच्या पोटावर ठेवले. बराच वेळ ठेवले.

पिकअप भरून तयार होता. त्यातच पुढे इंद्रायणीला बसवलं, तिच्या शेजारी सरूबाई. पुण्याला जाताना मोशीचा बाजार रस्त्यातच लागतो. सूरजने गाडी आत घातली. माल तसाच ठेवला असता तर उन्हाने सुकला असता, आणि अडत्या थांबला होता. एका बाजूने जुड्या उतरत होत्या आणि पुढच्या सीटवर इंद्रायणी पोट धरून बसली होती. सरूबाईने खाली उतरून जुड्या मोजून दिल्या. या घरातल्या कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही, आणि याचा मला जेवढा संताप येतो तेवढा बाकी कशाचाच येत नाही.

हॉस्पिटलात रक्ताचा आकडा मशीनच्या मापापलीकडे चढला होता. बाळाच्या डोक्यात रक्तस्राव झाला होता आणि ते आदल्या दिवशीच गेलं होतं. ते बाहेर काढल्यावर इंद्रायणीचं रक्त थांबेना. परक्या माणसांच्या रक्तातला पिवळसर द्रव पिशव्यांमागून पिशव्या चढवला, कारण त्यात दोन पायांची प्रथिनं तयार असतात. के व्हिटॅमिन शिरेतून दिलं. मेथीत होतं तेच. तरी थांबेना, तेव्हा गर्भाशय काढून टाकलं. इंद्रायणी जगली. झडप टिकटिक करत होती.

तेजस्विनी लॅबमधून धावत आली होती. वॉर्डात वहिनीच्या उशाशी बसून तिने फाइल वाचली. गोळीचा डोस कसा चढत गेला ते तिने बोट ठेवून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मान वर करून आईला विचारलं की एवढी गोळी हिला का लागत होती, ही काय खात होती?

“मेथी,” सरूबाई म्हणाली. “तूच सांगितलं व्हतंस.”

आणि तिने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही गोड केलं नाही. पोराची सांडशी दोन पायांची राहावी म्हणून पाला घातला, सुनेचं जे होईल ते होईल असं धरून. ती हे एखाद्या पिकाला काय काय खत घातलं ते सांगावं तसं सांगत होती. इंद्रायणी डोळे मिटून पडली होती.

तेजस्विनी हळूहळू बोलली. संक्रांतीला जी गोष्ट राहिली होती ती तिने आता सांगितली. गोळी वारेतून सहज पार होते आणि बाळात जाते. पाल्यातलं व्हिटॅमिन वारेतून जवळजवळ जातच नाही. म्हणजे सरूबाईने घातलेली मेथी वहिनीतच राहिली, आणि मेथीमुळे वाढवलेली प्रत्येक गोळी बाळात गेली. बाळाला मेथीचा उपयोग काहीच नव्हता. पहिल्या दिवसापासून नव्हता.

सरूबाई ऐकत होती. तिचा चेहरा प्रथमच हलला. तिला नातू आठवला असेल, सून नव्हे.

“ताई, त्यांना नका बोलू,” अंथरुणातून आवाज आला. “मला माहीत व्हतं.”

दोघींनी वळून बघितलं.

“पाच वर्सं डॉक्टरीणबाई सांगत्यात, पाला जपून,” इंद्रायणी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक होता. “गोळीनं पोराचंबी रगत पातळ व्हतं ह्येबी त्यांनीच सांगितलं. मला काय कळत न्हाई व्हय? पैल्या दिशी ताटात मेथी बघितली आन् समजलं, आत्यांनी पोर निवडलं. म्हणलं ठीक हाये. मीबी तेच निवडलं असतं. म्हणून खाल्लं. डॉक्टरीणबाईंनी इचारलं तवाबी न्हाई म्हणलं.”

इंद्रायणी आता सासूकडे बघत होती.

“पर मंग तुमी पाला बंद केला, आत्या. तवा मला लई बरं वाटलं. म्हणलं, त्यांना माझी दया आली. पोराबरूबर मीबी ऱ्हावी असं वाटाय लागलं त्यांना. त्ये पंधरा दिस मी लई सुखात व्हते. कायबी झालं तरी त्ये पंधरा दिस मला मिळालं.”

तिला उत्तर हवं होतं. एक हुंकार पुरला असता. सरूबाईने नुसती मान हलवली असती तरी त्या बाईला उरलेलं आयुष्य काढायला तेवढं पुष्कळ होतं. तेजस्विनी आईकडे बघत मनातल्या मनात तिच्या पाया पडत होती, की एकदा, फक्त एकदा खोटं बोल.

“दया कसली,” सरूबाई म्हणाली. “भाव चढला व्हता.”

इंद्रायणी छताकडे बघत पडून राहिली. रडली नाही. तीही भाजीवाल्याच्या घरची, निमगाव सावाची. तिने विचारलं, “केवढ्याला जात व्हती जुडी?”

सरूबाईने सांगितलं. सांगताना तिचा आवाज जरासा वर गेला, चांगला भाव सांगताना कुणाचाही जातो तसा.